मन्मथ, मी काचपेपरच वापरला होता

मन्मथ, तू गेल्याला आज दहा दिवस झाले. या दहा दिवसांत सगळ्या वडवणी गावाशी बोललो, तुझ्याशी नाही. दुकानात बसतो, समोर तुझं स्टूल असतं. येणारा-जाणारा त्यावर टेकतो आणि म्हणतो, "लई चांगला माणूस गेला." मी मान हलवतो. तुझ्याशी बोलायचं म्हटलं की मात्र मी काम पुढ्यात ओढतो, कारण तुझ्याशी बोलायचं तर पहिलं वाक्य कोणतं ते ठरलेलं आहे, आणि त्याचीच मला भीती वाटते. आज ते लिहून टाकतो. तुझ्या मीटरचा स्विच मी खोडरबरनं घासला नव्हता. काचपेपरनं घासला होता.

तू म्हणशील, ठीक आहे बे, मग? पण 'मग'च्या पुढे जे आहे ते पहिल्यापासून सांगावं लागेल. तुला सगळं ठाऊक आहे, तरी सांगतो. सांगितल्याशिवाय मला धीर यायचा नाही.

मोटारींच्या रिवायंडिंगचं दुकान टाकलं त्या वर्षी आपण दोघं एसटीनं बीडला जाऊन ते करंट मापायचं मीटर आणलं होतं. पिवळ्या रबरी कव्हरचं, हातात मावणारं. येताना तू ते मांडीवर घेऊन बसलास आणि मला हात लावू दिला नाहीस. पुढं कव्हर फाटलं, काचेला तडा गेला, वायरी तीनदा बदलल्या. शेवटी त्याचा मधला नॉब बिघडला. नॉब फिरवला की आतल्या पितळी पत्त्या गोल सरकतात आणि प्लेटवरच्या पट्ट्यांना टेकतात. त्या नीट टेकल्या नाहीत की मीटर खुशाल शून्य दाखवतं, मग समोर चारशे व्होल्ट का असेनात. तुझं मीटर चार-पाच वर्षं हेच करत होतं. तू नॉबवर अंगठा ठेवून डावीकडं जरासा दाब द्यायचास. "अंगठा ठेवला की खरं बोलतंय बेटं," म्हणायचास.

मी म्हणायचो, टाकून दे ते. परवडतं आपल्याला नवं. तू म्हणायचास, "तूबी अधनंमधनं बंद पडतोस. तुला टाकला का मी?"

या भांडणात तू हरला असतास तर किती बरं झालं असतं.

पण खरं सांगायचं तर ते मीटर खोटं बोलत होतं तोपर्यंत तू सुखरूप होतास. त्याच्यावर तुझा भरवसाच नव्हता. पिशवीत तू कायम बल्ब ठेवायचास, होल्डरला दोन वायरी जोडलेला. आधी जिथं करंट आहे हे माहीत आहे तिथं बल्ब लावून पेटतो का बघायचं, मग जिथं हात घालायचा तिथं लावायचा, मग परत पहिल्या जागी. तीनदा. शेतकरी कावायचे. "मन्मथशेठ, पाणी देयाचं हाय, पूजा मांडता का काय?" तुझं आपलं चालू. "मीटर खोटं बोलंल. बल्ब न्हाई बोलत."

आणि मी? मी बाहेर जात नव्हतो. हेही लिहायला पाहिजे. वीस वर्षांपूर्वी एका विहिरीवर स्टार्टरला माझा हात चिकटला आणि तू लाकडी दांडक्यानं तो झाडलास. दोन दिवस माझी मूठ मिटत नव्हती. त्यानंतर स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडायचं म्हटलं की मी चार पावलं मागं सरकायचो. तू एकदाही चिडवलं नाहीस. इतर सगळ्या गोष्टींवरून चिडवलंस, माझ्या टकलावरून, माझ्या चहातल्या साखरेवरून, पण त्यावरून नाही. "तू दुकानात बस, बाहेरचं मी बघतो," एवढंच म्हणालास आणि वीस वर्षं बघितलंस. माझ्या वाटणीची भीती तू रोज पिशवीत घालून नेत होतास आणि मी पंख्याखाली बसून तुझ्या मीटरला नावं ठेवत होतो.

मागच्या महिन्यातला तो बाजारचा दिवस. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तू मीटर माझ्यासमोर ठेवलंस. "दत्ता, एकदा उघड न् स्विच साफ कर. पण काचपेपर लावू नको बे. वरचा मुलामा निघून जातो. खोडरबरनं घास अन् स्पिरिटनं पूस."

मला राग आला. टेबलाचं काम माझं, आणि हा बाहेर फिरणारा माणूस गिऱ्हाइकांसमोर मला शिकवतोय! "मला शिकवू नको," म्हणालो. तू हसत गेलास.

उघडलं. नॉबखालचे दोन छर्रे टणकन उडाले. एक लोहचुंबकानं उचलला, दुसरा माझ्याच सदऱ्याच्या घडीत सापडला. पट्टे काळे पडलेले. खोडरबर घेतलं, दोन मिनिटं घासलं, काळं काही निघेना. खोडरबरनं तासभर लागतो, तुला माहीत आहे. समोर मिक्सरवाली बाई उभी, तिच्यामागं आणखी चौघं. काचपेपरचा तुकडा घेतला आणि पाच मिनिटांत पट्टे लख्ख केले. लख्ख म्हणजे लालसर. मुलामा गेला होता, खालचं तांबं वर आलं होतं. ते मला दिसलं, मन्मथ. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. तांबं पुन्हा काळं पडतं हेही मला कळतं. म्हणून वर बेअरिंगचं ग्रीस बोटानं चोपडलं, पत्त्या चिमट्यानं जरा वर उचलल्या, बंद केलं. बोर्डात लावून नॉब दहादा फिरवला. दहाही वेळा दोनशे तीसच्या आसपास. अगदी नव्यासारखं.

काचपेपरचं हेच असतं. पहिले काही दिवस नव्यासारखं चालतं.

तू परत आल्यावर विचारलंस, "खोडरबरनंच घासलं ना?"

"मग कशानं?" मी म्हणालो. सरळ 'हो' सुद्धा म्हटलं नाही. म्हणजे उद्या कोणी पकडलंच तर खोटं बोललो नाही असं म्हणता यावं. भित्र्या माणसाची हुशारी अशीच असते.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण स्वतःच्या कामाची ऐट दाखवायची होती. म्हणालो, "आता अंगठा दाबायची गरज नाही. आणि तो बल्बही ठेव इथं. किती दिवस ओझं वाहणार?" तू माझ्याकडं बघितलंस, बल्ब पिशवीतून काढलास आणि दारामागच्या खिळ्याला अडकवलास. वीस वर्षांत माझं तू पहिल्यांदाच इतक्या पटकन ऐकलंस. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आणि मग तू गावभर सांगत सुटलास. दत्तानं मीटर नवं केलं, दत्ताच्या हातात जादू आहे. ते ऐकून तीन वायरमन आपापली जुनी मीटरं घेऊन आले. बाबूभाई, धोंडिबा आणि तो चष्मेवाला राऊत. तिघांची मी तशीच केली. तोच काचपेपर, तेच ग्रीस. तीन मीटरं तालुक्यात फिरत होती, मन्मथ. म्हणून मला दहा दिवस जेवण जात नव्हतं. तुझ्या दुःखानं जात नाही असं लोकांना वाटायचं आणि मी ते वाटू देत होतो.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास काशिनाथकाकांचा फोन आला. तू त्यांच्या विहिरीवर स्टार्टर बघायला गेला होतास. काका दूर गव्हात पाण्याची वाट बघत उभे होते. बराच वेळ मोटार चालू होईना म्हणून बघायला आले, तर तू पेटीखाली भिंतीला टेकून बसलेला. त्यांना वाटलं, दमलास. फोनवर ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. "दांडी खालीच हाय रे दत्ता. मेन स्विचची दांडी खालीच हाय."

दांडी खाली, म्हणजे करंट बंद. मग शॉक लागणार कसा? सगळ्यांनी हेच धरलं. वहिनींनी सांगितलं, आठवडाभर छातीत जळजळ होत होती, गोळ्या चालू होत्या. डॉक्टरही म्हणाले, हार्टच दिसतंय. भाऊबंद म्हणाले, आता कशाला चिरफाड? कोणाचंच काही चुकलं नाही. समोर जे होतं त्यावरून कोणीही तेच म्हटलं असतं. एकट्या मला बाकीचं माहीत होतं, आणि मी कोपऱ्यात उभा राहून तुझ्या हातांकडं बघत होतो.

करंट लागला असेल तर हातावर कुठंतरी खूण असणार. ज्वारीच्या दाण्याएवढा का होईना, डाग असणार. तू डावखुरा. म्हणजे डाव्या तळहातावर. मी पोचलो तेव्हा तुला अंघोळ घालून झाली होती. अंगभर विभूती लावलेली. मांडी घालून तुला बसवलं होतं, कपाळावर पट्टे, गळ्यात हार, आणि तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणं डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून मूठ मिटलेली. बघायचा होता तेवढा एकच तळहात, आणि तोच झाकलेला. स्वामींचं मंत्र म्हणणं चालू होतं. समाधीच्या खड्ड्याच्या काठावर तुझ्या सगळ्यात जवळ मीच होतो. हात पुढं केला असता तर बोट लागलं असतं. ती मूठ उघडून बघा, असं कोणाला म्हणणार? आणि उघडली असती, आणि डाग दिसला असता, तर मी काय केलं असतं?

मी बेलाचं पान टाकलं आणि मागं सरकलो. खरं सांगतो, माती पडायला लागली तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं हलकं झालं. आता कोणालाच कळणार नाही, हा विचार माझ्या मनात आला. तुझ्यावर माती पडत असताना आला. त्या विचाराची मला तुझ्या मरणाइतकीच भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी तिघांना फोन लावले. "सहज केला. मीटर चालतंय ना?" तिघंही म्हणाले, झकास चालतंय. खरं सांगावं तर दुकान गेलं, नाव गेलं, वहिनी दारात उभं करणार नाहीत. न सांगावं तर तिघांपैकी कोणाचा तरी फोन येणार. मोबाइल वाजला की मी आधी नाव वाचायचो आणि मग श्वास घ्यायचो. स्वतःलाच समजावायचो, हार्टच असेल. जळजळ होतीच. गोळ्या होत्याच. तू एवढा सावध माणूस, तू कसा फसशील? मग दारामागचा खिळा दिसायचा.

तुझी पिशवी काकांनी आणून दिली होती. ती मी उघडली नाही. टेबलाच्या कडेला ठेवली आणि वर वर्तमानपत्र टाकलं.

काल काशिनाथकाका स्वतः आले. तुझ्या स्टुलावर बसले नाहीत, उभेच राहिले. "दत्ता, गहू वाळायला लागलाय. चौघांना सांगून बघितलं, त्या पेटीला हात लावायला कोणी यायला तयार न्हाई. तू येतो का?"

"मी विहिरीवर जात नाही, काका. मन्मथ जायचा."

"मन्मथ जायचा, हे मला सांगतो व्हय?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी लांब नसतो गेलो तर... दहा दिवस झोप न्हाई मला."

माझ्या वाटणीचं ओझं हा म्हातारा माणूस वाहतोय! मी उठलो. खिळ्यावरचा बल्ब काढला, वर्तमानपत्र बाजूला केलं, तुझी पिशवी उचलली. आत पक्कड, टेप, पित्ताच्या गोळ्यांची अर्धी पट्टी आणि मीटर.

पेटीपाशी काकांनी नारळ ठेवला होता. दांडी खालीच होती. त्या दिवसापासून कोणी हातच लावला नव्हता. मी लांबूनच बघत राहिलो. काका म्हणाले, "राहू दे का?" राहू दे म्हणण्याएवढी सोपी गोष्ट जगात नव्हती. कोरड्या फळीवर उभा राहिलो, डावा हात पाठीमागं बांधल्यासारखा धरला आणि बल्बचं एक टोक अर्थिंगच्या तारेला, दुसरं स्टार्टरच्या वायर जोडायच्या पहिल्या खिळीला लावलं. काही नाही. दुसरीला. काही नाही. तिसरीला लावलं आणि बल्ब पेटला.

दांडी खाली, आणि बल्ब पेटलेला. आत तीनपैकी एक पातं जागेवरच अडकून राहिलं होतं. दांडी खाली येत होती, ते पातं येत नव्हतं. काका मागून म्हणाले, "देवा रे." मला वाटतं मीही काहीतरी म्हणालो.

पण तू तर नुसती दांडी खाली बघून हात घालणारा माणूस नव्हतास. तू मापून बघितलं असणारच. म्हणून मी तुझं मीटर काढलं. बल्ब पेटता ठेवून त्याच खिळीवर मीटरची वायर लावली. दोनशे सव्वीस. माझ्या जिवात जीव आला. नॉब बंद केला, परत लावला. दोनशे सव्वीस. परत. दोनशे पंचवीस. सहा वेळा बरोबर दाखवलं, मन्मथ. आता थांब, असं मन ओरडत होतं. सहा वेळा पुष्कळ झालं, जा घरी, मीटर निर्दोष आहे, तूही निर्दोष आहेस. मी सातव्यांदा नॉब फिरवला.

शून्य.

बल्ब पेटलेला आणि मीटरवर शून्य. ठाम, न हलणारं शून्य. मी अंगठा ठेवला, डावीकडं जरासा दाब दिला. दोनशे सव्वीस. अंगठा काढला. शून्य. तिथंच खाली बसलो. काकांना वाटलं मलाही करंट लागला, ते पाणी घेऊन धावत आले.

काका ट्रान्सफॉर्मरजवळच्या डीपीतले फ्यूज काढून आले, मग मी स्विच बदलला. कसा बदलला ते आठवत नाही. मोटार चालू झाली, पाणी पडलं. काकांना तिथंच सगळं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण आधी वहिनींना सांगायला हवं होतं. काल दुपारपासून आज सकाळपर्यंत मी तुझ्या घराच्या गल्लीत तीनदा गेलो आणि तीनदा परत आलो.

आज चौथ्यांदा गेलो. वहिनी ओट्यावर सुपात गहू पाखडत होत्या. मी उंबऱ्याच्या बाहेरच बसलो. सगळं सांगितलं. काचपेपर सांगितला, ग्रीस सांगितलं, बल्ब ठेव म्हणालो ते सांगितलं, सातव्या वेळचं शून्य सांगितलं. खाली मान घालून बोलत होतो. बोलणं संपलं तरी सुपाचा आवाज चालूच होता.

मग तो थांबला. "भावजी, मला म्हाईत हाय."

मी वर बघितलं.

"अंघोळ घालताना मी बघितलं. डाव्या हाताला, करंगळीच्या खाली. एवढासा. काळा." त्यांनी नखावर माप दाखवलं. "घरी येऊन रोज सांगायचे, दत्तानं मीटर नवं केलं. मला लगीच कळलं. तिथं कोणाला बोलले असते तर पोलीस, चिरफाड, काशिनाथकाकाला सतरा चकरा. मानूस तर गेलंच व्हतं. स्वामींनी लिंग ठेवलं अन् मूठ मी मिटली."

मला रडू आलं. वहिनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "दहा दिवस झाले, तुमची वाट बघतेय मी. म्हणलं, येतात का न्हाई."

"वैनी, तुम्हाला राग..."

"हाय की. लई हाय. तुमचं तोंड बघू वाटंना मला." असं म्हणून त्या माझ्याकडंच बघत राहिल्या. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "भावजी, आनिक कोनाचं मीटर केलंय का आसं?"

"तिघांचं."

वहिनींच्या हातातलं सूप खाली पडलं. गहू सगळ्या ओट्यावर. "तिघांचं? मग इथं कशापायी बसलात?"

त्यांच्या समोरच फोन लावले. धोंडिबानं उचलला. राऊतनं उचलला. म्हणालो, ते मीटर आत्ताच्या आत्ता बाजूला ठेव, त्याच्यावर विसंबून कुठं हात घालू नको, मी येऊन सगळं सांगतो. बाबूभाईला लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत. पाचव्यांदा लावला. वहिनी म्हणाल्या, "जावा."

बाबूभाईच्या गावापर्यंत पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात मी काय काय बघितलं ते तुलाच कळेल. प्रत्येक वळणावर बाबूभाई मला पेटीखाली भिंतीला टेकून बसलेला दिसला. तुझ्यासारखाच, दमल्यासारखा. घरी त्याची बायको म्हणाली, गिरणीची मोटार बघायला गेलेत. सकाळीच गेलेत. मी गाडी तशीच वळवली. देवाला काय काय बोललो त्याची आता लाज वाटते.

गिरणी चालू होती. तो आवाज लांबून ऐकला आणि मला हुंदका फुटला. चालू आहे म्हणजे काम झालंय. बाबूभाई दारात पोत्यावर बसून चहा पीत होता, सदऱ्याच्या खिशातून मीटरच्या वायरी लोंबत होत्या. फोन ऐकू जायचा कसा, एवढ्या घरघरीत! मला बघून त्यानं बशी वर केली आणि ओरडून म्हणाला, "ये दत्ता! तुझं मीटर लई झकास चाललंय. आता बल्ब आनतच न्हाई मी!"

मी जवळ गेलो आणि म्हणालो, मन्मथ माझ्यामुळं गेला. त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं कानाला हात लावला. मन्मथ, आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नव्हतो. त्या पेटीसमोरही नाही. दळणाचे डबे घेऊन सात-आठ बायका बसल्या होत्या, गिरणीवाला होता, रस्त्यानं माणसं जात होती. मी सगळा श्वास घेऊन ओरडलो. "मन्मथ हार्टनं न्हाई गेला! मी दुरुस्त केलेल्या मीटरनं गेला! त्यानं शून्य दाखवलं अन् करंट व्हता! तुझंबी तसंच केलंय मी!"

बायका वळून बघायला लागल्या. गिरणीवाल्यानं पट्टा सोडला आणि घरघर हळूहळू खाली आली. बाबूभाईनं खिशातलं मीटर काढलं. ते माझ्याकडं द्यावं का फेकावं हे त्याला कळेना. शेवटी पोत्यावर ठेवलं.

"सकाळपास्नं दोनदा," तो म्हणाला. "दोनदा शून्य बघून हात घातलाय मी."

आणि मग त्याचे हात कापायला लागले. त्याला ते थांबवता येईनात. मी खाली बसलो आणि दोन्ही हात माझ्या हातांत घट्ट धरून ठेवले. पिठानं भरलेले होते. गरम होते.